गारपगाऱ्याचा फोटो

फोटो खोटं बोलत नाही, असं मी त्या गावात छाती फुगवून सांगितलं होतं. आज आठवलं की माझा मलाच संताप येतो. बाकीच्यांचा तर येतोच.

चांदा जिल्ह्यात, सिंदेवाहीहून सायकलने तासाभराच्या वाटेवर असलेल्या गावात मी तेव्हा शाळामास्तर होतो. जवळ एक जुना डबा कॅमेरा होता आणि विजेचा फोटो काढायचं वेड होतं. फाल्गुनात आभाळ गडगडलं की मी जेवणाचं ताट सारून तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, सायकल हाणायचो. कॅमेरा दगडावर टेकवायचा, खटका उघडा धरायचा आणि वाट पाहायची. अंधारात फिल्मवर काही उमटत नाही. वीज चमकली की तेवढ्या क्षणाचं चित्र उमटतं.

गावात एक गारपगारी होता. सत्तरी ओलांडलेला, बायको वारलेली, घरात एकटा. गारांचा ढग आला की मारुतीच्या पारावर उभं राहायचं आणि हात करून त्याला जंगलाकडे पिटाळायचं, हे त्याचं पिढीजात काम. त्याबद्दल सुगीला घरोघरून त्याला सूपभर धान मिळे. मी शिकलेला माणूस, मला हसू यायचं. पण म्हातारा ते काम प्राणपणाने करायचा, आणि त्या पारावरची जागा हीच त्याची गावातली सगळी इज्जत होती.

त्या रात्री वादळ पाळीवर सापडलंच नाही. ते बगल देऊन थेट गावावर निघालं आणि मी त्याच्या मागे. शाळेच्या ओसरीत पोचतो तोच पत्र्यावर गारा ताडताड वाजू लागल्या. समोर मारुतीचा पार. मी कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि खटका उघडा धरला. वीज चमकली आणि पारावर म्हातारा दिसला. अंगावर फक्त लंगोटी, उजवा हात वर. "जाय रे, झाडीत जाय! तिकडं पड!" पुन्हा वीज, तो दोन पावलं पुढे. तिसऱ्यांदा चमकली तेव्हा तो पाराच्या कडेशी होता, त्याच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं, तरी हात वरच. लिंबाएवढ्या गारा पडत होत्या आणि तो पारावरून हलला नाही. मीही ओसरीतून हललो नाही, पण ते कोरडं राहावं म्हणून.

सकाळी शेतातलं लाखोळीचं आणि जवसाचं पीक जमिनीला चिकटलेलं होतं. मोहाच्या झाडांखाली फुलांचा चिखल झाला होता. पाटलाच्या ओसरीवर माणसं जमली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"बुढा घरी झोपून होता, नाई त गारा काऊन पडल्या?"

"मंग डोकं कशानं फुटलं त्याचं?"

"दारू पेऊन पडला असन!"

पाटील म्हणाले, खरं-खोटं ठरेपर्यंत म्हाताऱ्याने पारावर पाय ठेवायचा नाही. म्हातारा खाली मान घालून उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी म्हणालो, "थांबा. माझ्याकडे फोटो आहे. फोटो खोटं बोलत नाही."

फिल्म नागपूरच्या एका स्टुडिओकडे धाडली. चांगला मोठा फोटो करून पाठवा, असं लिहिलं. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. ते मी घरी फोडून पाहिलं का? नाही! मला तमाशा हवा होता. भरल्या ओसरीवर, सगळ्यांसमोर फोडलं.

फोटो झकास होता. आभाळभर विजेच्या फांद्या, खाली मारुती, पिंपळ आणि पार. पार रिकामा.

कोणीतरी फिदीफिदी हसलं. पाटील शांतपणे म्हणाले, "गुरुजी, फोटो खोटं बोलत नाई म्हणले होते न तुमी?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी नागपूर गाठलं. स्टुडिओवाला पान चघळत हसला. "अहो, त्यात एक माणूस तीनदा आला होता. अंगातून मागचा पिंपळ दिसत होता, भुतं उभी आहेत जशी! फोटोवरच काळ्या रंगाने बेमालूम साफ केलं. त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत." वर उपकार! गारांच्या माऱ्यात उभा राहिलेला माणूस यांना डाग वाटला, आणि यांनी तो पुसून टाकला. मी त्याला नको नको ते बोललो. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, मी कशाला चिडलोय ते.

मूळ फिल्मवरून नवा फोटो काढून घेतला. त्यात म्हातारा होता. तीन विजांत तीन ठिकाणी, हात वर केलेला. धावत गावी आलो, पाटलांपुढे ठेवला.

"हे तिघं कोण जी?"

"एकच आहे. तीनदा वीज चमकली, म्हणून तीनदा आला."

"एका माणसाचे तीन कसे होतीन? बनवून आणलं गुरुजीनं, बुढ्यासाठी."

रंग फासलेला फोटो त्यांनी खरा मानला आणि खरा तो बनावट ठरवला. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पारावरची बंदी कायम राहिली.

संध्याकाळी तो फोटो घेऊन म्हाताऱ्याच्या दारी गेलो. कपाळावरची जखम सुकत आली होती. स्टुडिओवाल्याला, पाटलाला, साऱ्या गावाला मी शिव्या घालत होतो. त्याने ते ऐकून घेतलं, फोटो कंदिलापाशी धरून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"गुरुजी, त्या राती तुमी मले पायलं होतं न? तुमच्या डोळ्यानं?"

"हो बाबा, पाहिलं."

"मंग त्या सकारी तोंडानं काऊन नाई सांगतलं? तुमी सांगतलं असतं त मानलं असतं लोकायनं."

शिकलेला मास्तर गारपगाऱ्याची बाजू घेतो म्हणून लोक हसतील, ही भीती होती. दोन शब्दांचं काम होतं, आणि ते मी नागपूरला धाडलं.