आधी 'बसा' म्हणा

इंजिनिअरिंग कॉलेजात वीस-पंचवीस वर्षं काढली की डोक्यात फॉर्म्युले कमी आणि किस्सेच जास्त उरतात. चार मित्र जमले की मला हटकून तहाचा किस्सा सांगायला लावतात. मलाही तेवढंच हवं असतं म्हणा!

रोज बातम्या बघतो या एका गुन्ह्यापायी प्रिन्सिपॉलनी 'शांतता चर्चा' स्पर्धा माझ्या गळ्यात मारली. पूर्वदेश आणि पश्चिमदेश, दोन काल्पनिक शेजारी, दोघांत हाडवैर. मुलांनी परराष्ट्रमंत्री होऊन तह घडवायचा आणि फायनलला पालकांना बोलवायचं. मी चिठ्ठ्या टाकल्या. पूर्वदेश ऋतुजाकडे, पश्चिमदेश नवनाथकडे. अख्खा वर्ग हसला!

*

लॅबमधल्या शिंदेमामांनी मग खुलासा केला. दोघं आणे गावची, सख्खी चुलत भावंडं. बांधावरच्या चिंचेवरून दोघांच्या वडलांचं सात वर्षं बोलणं बंद.

मी चिठ्ठ्या बदलायला निघालो, तर ऋतुजाच आडवी आली. "राहू द्या सर. परीक्षा झाली की माझं लगीन हाय. काकानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलंय. तो मांडवात नसला तर माझं मन लागायचं नाय. तहाच्या निमित्तानं दोघं एका हॉलात तरी येतील."

मी चिठ्ठ्या तशाच ठेवल्या.

*

पहिली फेरी, वीस मिनिटांची. खुर्च्या ऋतुजाच्या टीमनं मांडलेल्या. नवनाथ हाताची घडी घालून उभा. बसेचना! पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी मीच विचारलं, काय झालं बाबा?

"सर, खुर्च्या त्यांच्या. आधी 'बसा' म्हणाया नको? न बोलवता बसाया आमी काय वाटंवर पडलोय का?"

ऋतुजा म्हणे, पश्चिमदेशानं आधी नमस्कार करावा. घंटा झाली तेव्हा दोन्ही देश उभेच होते.

*

मध्यस्थ देश होता पारगावचा ओंकार. त्यानं आयुष्यात फक्त सोयरीक जमवणारे मध्यस्थ पाहिलेले. तो इकडं जाऊन सांगायचा, ते तुमचं लई कौतुक करत व्हते, आणि तिकडं जाऊन तेच. मसुदाही त्यानंच लिहिला. कलम चार: 'युद्धबंदीनंतर दोन्ही सैन्यांनी एकमेकांना टॉवेल-टोपी द्यावी.'

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, की हे कुठल्या आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतं.

ओंकार शांतपणे म्हणाला, "कायद्याचं माहीत नाय सर. पण टोपी राहिली की जमलेलं मोडतं. आमच्याकडं मोडलंय."

परीक्षकांनी कलम ठेवलं.

*

फायनलला दोघांचे वडील आले. एकाच एसटीनं! थोरले, म्हणजे ऋतुजाचे वडील, पुढच्या सीटवर. धाकटे पार मागं. थोरले कॉलेजच्या स्टॉपला उतरले म्हणून धाकटे पुढच्या स्टॉपपर्यंत गेले आणि उन्हातून चालत मागं आले. थोरल्यांनी शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली होती. धाकटे दारातच उभे राहिले.

*

सह्यांची वेळ आली. टेबलावर टॉवेल, टोपी, नारळ. ऋतुजानं हातातला कागद खाली ठेवला.

"पूर्वदेशाची एकच अट हाय. पश्चिमदेशानं आमच्या मांडवात पहिल्या पंगतीला बसायचं."

नवनाथ माईकवर म्हणाला, "मला तेवढा अधिकार नाय. इचारून सांगतो." आणि माईक घेऊन थेट दारातल्या वडलांकडे गेला.

धाकटे मग थोरल्यांकडं न बघता ओंकारला म्हणाले, "मध्यस्थ, पंगतीचं पुढं बघू. मी मघाधरनं हितं उभा हाय, तेवढं सांगा त्यांना."

परीक्षकांचा हात घंटेवर गेला होता, तो तिथंच थांबला.

थोरले उठले. पिशवी उचलून काखेत घेतली, खांद्यावरच्या टॉवेलनं शेजारची खुर्ची पुसली.

"बस," ते म्हणाले.