डेटाबेस उठायच्या आत

मित्रांनो, आत्ताच जतहून सांगलीला परतलोय. पार थकलोय.

तिथल्या पाण्याच्या टँकरच्या कार्यालयात, रोज कुठल्या वाडीला टँकर जाणार याची यादी दाखवणारा माझा लिनक्सवरचा प्रोग्राम चालतो. सकाळी वीज जाऊन आली. मशीन सुरू होताना डेटाबेस तयार व्हायच्या आतच माझा प्रोग्राम धावला आणि त्यानं चक्क रिकामी यादी दाखवली.

वाडीवरून चालत आलेल्या आजींना क्लार्क म्हणाला, "आवं आजी, आज तुमचा टँकर न्हाई."

दुपारी पोचून मी प्रोग्राम पुन्हा सुरू केला. यादीत आजींच्या वाडीचं नाव पहिलंच होतं! टँकर लगेच निघाला, पण आजी केव्हाच उन्हातून परतल्या होत्या.

"मशीननंच सांगितलं, साहेब," क्लार्क म्हणाला.

सध्या प्रोग्रामला तीस सेकंद थांबायला लावलंय. उद्या डेटाबेसला चाळीस लागले तर? तो खरंच तयार झालाय, हे तुम्ही कसं ओळखता?