पहिला येईल तो उठेल

शाळा सुटल्यावर आईबाप कामावरून येईपर्यंत गावातली पोरं चर्चच्या तळघरात थांबतात आणि लॉर्ना पेट्रिशिन त्यांना सांभाळते. गुडघे कामातून गेलेले, कान किटलेले. घरी जाऊन सूप गरम करायचंही हल्ली तिच्या जिवावर येतं. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या थंडीत पोरांना बाहेर हाकलायची सोय नाही. आत एक टीव्ही, गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आणि चार कंट्रोलर. शर्यतीत शेवटी येईल तो उठेल आणि बाकावर वाट बघणारा पुढचा बसेल, असा नियम.

ब्रिन रोज शेवटी यायची. मग कंट्रोलर भिंतीवर.

"रडूबाई! रडूबाई!" पोरं चिडवायची, की ती आणखी पेटायची.

तळघराचा कारभारी डेल परवाच म्हणाला, "लॉर्ना, आता एक जरी फेकला, तर पोरीचं नाव यादीतून काढ. बस झालं!"

नाव काढून ती जाणार कुठे? आई संध्याकाळपर्यंत वृद्धाश्रमात कामाला. पोर रिकाम्या घरात एकटी बसणार. डेलशी भांडायचं लॉर्नाच्या अंगात त्राण नव्हतं. तिने नियमच उलटा केला. पहिला येईल तो उठेल.

झालं! पोरं कसली बिलंदर. तिघांच्या गाड्या शेवटच्या रेषेपाशी येऊन ठप्प.

"तू जा ना!"

"मी काय येडा आहे? तूच जा!"

पोरं हसून हसून लोळायला लागली. बाकावरचा चिमुरडा ओटिस रडकुंडीला आला. "मिस, माझा नंबर कधी?"

लॉर्नाने डोळे मिटले. आपणच घोळ घालून ठेवला, आता निस्तरायचा कुणी?

ब्रिनची गाडी धडकत धडकत मागून आली आणि तीही थांबली. ब्रिनने कंट्रोलर घट्ट आवळला. आता फेकणार, म्हणून लॉर्ना उठायला गेली, पण गुडघ्यांनी दगा दिला. तेवढ्यात ब्रिनची गाडी रेषा ओलांडून गेली.

"फसली! ब्रिन जिंकली!" पोरं खिदळली.

ब्रिनने कंट्रोलर ओटिसच्या मांडीवर ठेवला आणि ती लॉर्नाजवळ येऊन बसली.

"अगं, नियम बदललाय, कळलं नव्हतं का तुला?"

"कळलं होतं की."

"मग?"

"तो किती वेळ बसलाय, मिस." ब्रिन टीव्हीकडे बघत म्हणाली. "बाकावर कसं वाटतं, मला माहितीय ना."