खंडेनवमी आणि निओबियम आर्सेनाइड

बाबाने माझ्या स्फटिकाला कुंकू लावलं, तेव्हा मी अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तर पाटावर त्याचे नट पिळायचे पाने, मापाचा व्हर्निअर, आईची कोयती आणि मधोमध माझी उघडी डबी! खंडेनवमी होती. बाबा बोईसरच्या कारखान्यात लेथवर. हत्यारं पुजल्याशिवाय हा माणूस दसरा काढेल?

"बाबा, काय केलंस हे!"

"सगल्यांना लावला, तुज्या हत्याराला नको?"

अरे देवा, त्यात आर्सेनिक! आधी त्याला ओढत मोरीवर नेलं, साबणाने हात धुतले, मग भोकाड पसरलं. "विष हाय तर घरात आनलास कशाला?" आई कडाडली. बरोबरच होतं तिचं. पण स्फटिक घेऊन निघाले तर आमचं शिरगाव वाटेत होतं, आणि दुसऱ्या दिवशी, दसरा असूनही, चुंबकाच्या प्रयोगशाळेत माझा नंबर होता. तो हुकला तर पुन्हा कधी लागेल, देव जाणे. स्फटिक वाढवायच्या अख्ख्या नळीतून हा एकच धड स्फटिक निघाला होता.

निओबियम आर्सेनाइड म्हणजे गुणांची खाणच. सीलबंद क्वार्ट्झच्या नळीत, आयोडीनच्या वाफेच्या मदतीने, तो भट्टीत आठवडेच्या आठवडे सावकाश वाढतो. त्यातले काही इलेक्ट्रॉन वजनच नसल्यासारखे पळतात, आणि पृष्ठभागावर तर त्यांच्या वाटाच वेगळ्या. तार फार बारीक केली की तांबं दमतं, वीज अडखळते. हा पठ्ठ्या कदाचित दमणार नाही. उद्याच्या चिपा, चुंबकाचा सुगावा घेणारे सेन्सर, काय काय होईल त्याचं! पण मला तारा जोडायच्या होत्या त्या नेमक्या कुंकवाने माखलेल्या बाजूवर.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धुऊनही लाल कण खाचांत बसलेले. माझ्या पीएचडीच्या गाईड मॅडम फोनवर म्हणाल्या, "फोड." चुरा झाला तर सगळंच संपलं. हातमोजे चढवले, जीव मुठीत धरून पातं टेकवलं, दाबलं. टक्! दोन तुकडे. आतली बाजू... आईशप्पथ, आरसा! तारा जोडल्या. चुंबकाचा जोर वाढवत नेला तसा विजेचा रोध चढतच गेला, थांबायचं नावच घेईना; सेन्सरला नेमकं हेच हवं. कसला वस्ताद दगड आहे हा! मी नाचायचीच बाकी होते.

घरी फोन लावला, आईने उचलला. "तुजा बाप कालपासून जेवला नाय. म्हनतो, पोरीचा हत्यार मी बिघडवला."

"दे त्याला. बाबा, चाललं रे! लई भारी चाललं!"

 फोन तसाच बाजूला ठेवून बाबा आईला ओरडला, "वाढ गो, भूक लागली!"