साग, लस्सी आणि रोक्याची सकाळ

सांगलीहून निघताना आमच्याजवळ दोन बॅगा कपड्यांच्या होत्या आणि तिसरी निव्वळ माझ्या पोटासाठी. तिच्यात उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या, दशम्या, मेतकूट, सुंठ आणि ओव्याची पुडी. परमुलखात पोट सांभाळावं हा माझा जुना नियम, पण या वेळी कारणही तसंच होतं. चंदीगडला आमच्या एकुलत्या एका लेकीचा, केतकीचा रोका (आपल्याकडे सुपारी फोडतात तसा लग्न पक्कं करण्याचा विधी) ठरला होता. मुलगा पंजाबी. सहा महिने मी नाहीच म्हणत होतो. शेवटी हो म्हणालो, तेही तोंडातल्या तोंडात.

"बाबा, तुम्ही रोक्याला नसलात तर त्यांना वाटेल, तुमचा होकार खोटाच होता," केतकीनं फोनवर बजावलं होतं.

म्हणून वाटेत मी चहासुद्धा घेतला नाही. गाडी बदलायला दिल्लीला उतरलो, तेव्हा माझ्या बायकोनं, सुषमानं, छोले-कुलचे मनसोक्त हाणले. मी दशमी चावत तिच्याकडे कीव करून बघत होतो.

जन्मभर शाळेत भूमिती शिकवल्यामुळे चंदीगड मला पाहताक्षणी आवडलं. रस्ते सरळ, चौक गोल, वस्त्यांना नुसते आकडे. मनीमाजरा या जुन्या वस्तीत शिरलो आणि भूमिती संपली. अरुंद गल्ल्या, लोंबत्या तारा, कढईत फुगणाऱ्या जिलब्या. तिथंच गुरप्रीतचं, म्हणजे होणाऱ्या जावयाचं घर. इंडस्ट्रियल एरियात त्याचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. त्याच्या आईला सगळे बीजी म्हणतात. बीजींचं स्वयंपाकघर इतकं लख्ख होतं, की पाण्याची बाटली मी गुपचूप पिशवीत परत ठेवली.

जेवायला सरसों का साग (मोहरीच्या पाल्याची भाजी), मक्याची रोटी आणि वर लोण्याचा गोळा. आता आमच्या घरची शिस्त अशी, की पानात काही टाकायचं नाही. बीजींच्या घरची अशी, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये. मी संपवायचो, त्या वाढायच्या.

"होर लओ, भाईसाब!" (अजून घ्या.)

"बस, बस," म्हणेपर्यंत रोटी पडलेली असायची. लस्सीचे ग्लास तर तांब्याएवढे, तेही तीन झाले. त्यांना वाटलं असणार, माणूस फार दिवसांचा उपाशी आहे.

"अहो, थोडं ठेवा की पानात!" सुषमा कुजबुजली.

"शोभतं का ते?" मी म्हणालो आणि चौथी रोटी संपवली.

दुसऱ्या दिवशी अकराला रोका. चंदीगडला लागूनच असलेल्या मोहालीत, केतकीच्या खोलीवर आम्ही उतरलो होतो. सकाळी सहापासून माझ्या फेऱ्या सुरू झाल्या.

"बाहेरचं पाणी प्यालात का?" केतकीनं विचारलं. ती तिथंच औषधांवर संशोधन करते.

"एक थेंबही नाही!"

सुषमानं कालचं जेवण सांगितलं, तशी केतकीनं कपाळाला हात लावला. मग तिचे डोळे भरून आले. "आजच नेमकं? आता त्यांना काय सांगू मी?"

मी नवा कुर्ता चढवून दारापर्यंत गेलो आणि तसाच पळत मागे आलो. सहा महिन्यांपूर्वी असं निमित्त मिळालं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता. आज मात्र मला अगदी मनापासून जायचं होतं, आणि रडायला येत होतं.

केतकीनं फोन केला. अर्ध्या तासात गुरप्रीत ओआरएसची पाकिटं घेऊन आला. रोक्याचा विषयही त्यानं काढला नाही. मला दंडाला धरून संडासापर्यंत नेलं आणि दाराबाहेर उभा राहिला. दर दोन मिनिटांनी हाक यायची, "अंकलजी, ठीक हो?" मी आतून कण्हायचो. तिसऱ्या खेपेला घेरी आली आणि मला ओ देता येईना.

"पापाजी! दरवाजा खोलो जी!"

कशीबशी कडी काढली. त्यानं मला सावरलं, ओल्या टॉवेलनं तोंड पुसलं. नाक मुरडणं नाही की तोंड फिरवणं नाही.

मग बीजीच आल्या. एका हातात मिठाईचं ताट, दुसऱ्या हातात मऊ खिचडीचा डबा. "रोका इत्थे ही कर लवांगे. तुसीं लेटे रहो," (रोका इथंच करू, तुम्ही पडून राहा) त्या म्हणाल्या. मी मात्र उशीला टेकून उठून बसलो. हात थरथरत होता, त्यामुळे गुरप्रीतच्या कपाळावर टिळा तिरका लागला. केतकी हसत होती आणि रडतही होती. मग खिचडी खाताना मी दोन घास वाटीत मुद्दाम ठेवले, आणि बीजींनी खरोखरच वाढणं थांबवलं.

सांगलीला परतल्यापासून जो तो विचारतो, जावई कसा आहे? शिक्षण काय, मिळवतो किती, घरदार कसं? सहा महिने मीही हेच विचारत होतो आणि कुठल्याच उत्तरानं माझं समाधान होत नव्हतं. आता मी एवढंच सांगतो, "मुलगा दाराबाहेर उभा राहतो." लोक बुचकळ्यात पडतात. मग मी त्यांना बसवून घेतो आणि सगळं सांगतो, अगदी फेऱ्यांसकट.