सपनाची चौकशी

हट्टा गावात आमच्या गल्लीतली सपना कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. हे मी तिची निंदा म्हणून लिहीत नाही. चाळीस वर्षं मी जलशात आणि नाटकात काम केलं. खोटा रडलो, खोटा मेलो, आणि समोरच्या माणसांनी ते खरं मानून डोळे पुसले. म्हणूनच ज्याला फसवता येत नाही त्या माणसाची मला फार किंमत वाटते. सपना लहानपणी पहिल्या रांगेत बसायची आणि मी रंगमंचावर मेलो की आईला मोठ्यानं सांगायची, "आबा श्वास घेऊन राहिले."

रत्नपाल आणि जनकाबाईची ही थोरली. रत्नपाल शिलाईकाम करतो, जनकाबाई अंगणवाडीत मदतनीस आहे. बीए झाल्यावर सपना जवळा बाजारला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला लागली. नोकरी शोधणारी पोरं तिच्यासमोर बसायची, ती कॉम्प्युटरवर त्यांची माहिती लिहायची. पण सांगितलं आणि लिहिलं असं तिचं कधी नव्हतं.

एकदा मुन्ना नावाचा जवळ्याचाच पोरगा आला. म्हणाला, पुण्याकडं कारखान्यात दोन वर्षं मशीनवर होतो, अनुभव लिहा. सपनानं विचारलं, जेवायची सुट्टी किती वाजता व्हायची? मुन्ना म्हणाला, सुट्टी कशाला, जेवायला मी घरी यायचो. पुण्याहून जवळ्याला. सपनानं ती ओळ लिहिली नाही. मुन्ना दुकानाच्या पायरीवर उभा राहून तासभर बोलत राहिला आणि तेव्हापासून ती दिसली की तोंड फिरवायला लागला.

या फेब्रुवारीत हिंगोलीच्या एका कंपनीची जाहिरात आली. ही कंपनी कारखान्यांना माणसं पुरवते. गावोगाव फिरून पोरं-पोरी निवडायच्या, त्यांचे कागद तपासायचे, कोण टिकेल आणि कोण आठ दिवसांत पळून येईल ते ओळखायचं, असं काम. त्याला रिक्रूटर म्हणतात. सपनानं अर्ज केला, फोनवर बोलणं झालं, आणि सोमवारी ऑफिसात मुलाखतीला बोलावलं.

रत्नपालनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं की ही नोकरी लागली तर ठीक, नाही तर चौदा एप्रिलची जयंती झाली की परभणीचं स्थळ बघायचं. रत्नपाल वाईट माणूस नाही. पोरगी सव्वीसची झाली याची त्याला धास्ती आहे, एवढंच. पण सपनाला ठाऊक होतं, सोमवार गेला म्हणजे सगळंच गेलं.

म्हणून ती रोज कामावरून आली की माझ्या ओसरीवर बसायची. मी उमेदवार व्हायचो, ती मुलाखत घ्यायची. कधी मी आयटीआयचा फिटर झालो, कधी घरी न सांगता आलेली पोरगी, कधी दारू सोडली म्हणून शपथ घेणारा ड्रायव्हर. इतक्या वर्षांनी कुणी माझ्याकडं काम मागत होतं, मी जीव ओतत होतो. आणि ती दर वेळी पकडायची. फिटर झालो तेव्हा म्हणाली, "आबा, आधी हात दाखवा." माझे हात पाहून हसली. या हातांनी आयुष्यात पान्हा धरलेला नव्हता.

गुरुवारी मी तातेरावच्या हॉटेलात चहा घेत होतो. मोटारसायकलवरून एक माणूस उतरला. गाडीचा नंबर परभणीचा. इस्त्रीचा शर्ट, पायात धुळीचे बूट. चहा मागितला आणि थोडा वेळ इकडंतिकडं पाहून विचारलं, रत्नपालची पोरगी सपना, ती कशी आहे?

मी आणि तातेरावनं एकमेकांकडं पाहिलं. नाव विचारलं तर म्हणाला, नावाचं काय घेऊन बसलात. गाव विचारलं तर म्हणाला, इकडलाच. मला आधी संशय आला की पोरींना फूस लावून नेणाऱ्यांपैकी असावा. मग परभणीचा नंबर आठवला आणि सगळं जुळलं.

आमच्याकडं सोयरिकीच्या चौकशीला मुलाकडचे स्वतः येत नाहीत. तिऱ्हाईत पाठवतात. तो नाव न सांगता हॉटेलात बसतो, इकडचं तिकडचं बोलत पोरीवर येतो. गाव त्याला ओळखतं, पण ओळखल्याचं दाखवत नाही. आणि मग सगळं गाव एका सुरात बोलतं. घराघरांत भांडण असलं तरी कुणी कुणाच्या पोरीचं स्थळ मोडत नाही.

तो विचारत गेला, मी सांगत गेलो. बोलायला कशी आहे? म्हटलं, मान वर करून बोलत नाही. एकटी फिरते का? म्हटलं, जवळ्याच्या पुढं पाऊल टाकलेलं नाही. माणसं ओळखते का? म्हटलं, भोळी आहे हो, सांगाल ते खरं मानते. लोकांचे कागद नीट ठेवते का? हा प्रश्न मला जरा वेगळा वाटला, पण मी रंगात होतो. म्हटलं, कागदांचं काय एवढं, ही नोकरी म्हणजे दोन दिवसांची गंमत, लग्न झालं की सोडणार. तातेराव मागून म्हणाला, "अगदी बराबर." त्या माणसानं सगळं मोबाइलवर लिहून घेतलं. तातेरावनं त्याच्याकडून चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

दिवस मावळायच्या आत सपना आली. मी मोठ्या आनंदानं तिला सगळं सांगितलं. ती लाजली नाही. पायरीवर बसली आणि माझीच मुलाखत सुरू केली.

"शेती किती म्हणून विचारलं?"

"न्हाई."

"मामाचं गाव?"

"न्हाई."

"रंग, उंची, सैपाक?"

"त्यातलं काहीच न्हाई."

"मंग आबा, तो कोणाकून आला व्हता?"

तो सोयरिकीचा नव्हता, कंपनीनं पाठवलेला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सोमवारी तुझ्याबरोबर येतो, साहेबांना हात जोडून सांगतो की मी खोटं बोललो, असं म्हणालो. तिनं मान हलवली. "तुमी गुरुवारी एक सांगितलं अन सोमवारी दुसरं सांगणार. त्यांच्या जागी मी असते तर दोन्ही खोटं धरलं असतं."

तिला राग आला होता, पण ती मला लागेल असा एक शब्द बोलली नाही. त्यानंतरचे तीन दिवस तिनं मला उमेदवार होऊ दिलं नाही. साहेब व्हा म्हणाली, आणि सगळ्यात वाईट प्रश्न विचारा म्हणाली. मी विचारायचो, तुमचं गावच सांगतं तुम्ही नोकरी सोडणार, मग तुम्हाला का घ्यावं? पहिल्यांदा म्हणाली, ते खोटं बोलले. मी म्हटलं, पुरावा काय? दुसऱ्यांदा विचार करून म्हणाली, आता तुमाला सांगत न्हाई, तुमी कुठं तरी सांगून बसाल. हा संशय माझ्या वाट्याला यायलाच हवा होता.

सोमवारी मी हट्टानं तिच्याबरोबर गेलो. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, मधे प्लायवूडची भिंत. सपनानं जिन्यातल्या पाटीवरचा फोन नंबर वहीत लिहून घेतला आणि आत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

मुलाखत घेणाऱ्या मंजुषा मॅडम होत्या. त्यांनी दुसऱ्या कुणाची तरी ओळख करून दिली, हे बाबूसिंग, गावात चौकशी करायला हेच आले होते. दार उघडं होतं, मी वाकून पाहिलं. तोच इस्त्रीचा शर्ट. नुसतं बाबूसिंग एवढं जरी तो हॉटेलात म्हणाला असता, तरी आमच्या बौद्ध वस्तीतल्या पोरीला मागणी घालायला हा आलेला नाही हे शेंबड्या पोराला कळलं असतं.

मॅडमनी मोबाइलवरचं वाचून दाखवलं. मान वर करत नाही, भोळी आहे, लग्न झालं की नोकरी सोडणार. माझी वाक्यं, एकही शब्द पडला नव्हता.

सपना म्हणाली, "सरांनी नाव सांगितलं न्हाई, म्हणून गावानं त्यांना सोयरिकीचा माणूस समजलं. तिथं असंच सांगतात."

"मग खरं कुणाला विचारायचं?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही ज्याचं नाव द्याल तो तुमचाच माणूस असणार."

"जो माझ्यावर चिडलेला हाय त्याला विचारा. पण आधी तुमचं नाव सांगा, कंपनीचं सांगा."

तिनं मुन्नाचा नंबर दिला. मॅडमनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला, नाव सांगितलं, आणि सपना कशी आहे म्हणून विचारलं. मुन्नाला हेच पाहिजे होतं.

"तिचं नाव नका घेऊ मॅडम. पोरगी हाय का पोलीस ठाणं. सख्ख्या मामाच्या पोराचा फॉर्म वापस केला तिनं. तुमी सही केली तरी म्हणंल, पुन्हा करून दाखवा. एवढी शंका तर माझी आजी दुधवाल्यावर घेत न्हाई."

"बोलायला कशी आहे?"

"तीच बोलते, आमी ऐकतो."

"कागद सांभाळते का?"

"ते मात्र खरं सांगावं लागंल. मी चिडून गेलो तवा मार्कशीट तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी घरी आणून दिली तिनं. अन आईला सही करायला लावली, मिळाली म्हणून."

आत कुणीतरी हसलं. मला वाटतं बाबूसिंगच असावेत.

त्याच आठवड्यात गुरुवारी तिच्या मोबाइलवर नेमणुकीचं पत्र आलं. तिनं घरात सांगितलं नाही. माझ्या ओसरीवर बसून वहीतल्या नंबरावर फोन लावला, मंजुषा मॅडमना फोन द्या म्हटलं आणि विचारलं, सोमवारी तुमी मुन्नाला पहिला प्रश्न कोणता विचारला ते सांगा. मॅडमनी सांगितला. पत्रावरची तारीख सांगितली, सही कुणाची ते सांगितलं. सपनानं फोन ठेवला, पत्र पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं.

"खरं हाय," ती म्हणाली आणि बापाला सांगायला उठली.

रत्नपाल मशीनवर होता. त्यानं ऐकून घेतलं, सुई थांबवली आणि आता स्थळ नको हे परभणीला फोन लावून सांगायला चष्मा शोधू लागला.