खाजेची वही

आधीच सांगतो, मी नववीतून शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या, आणि मोठमोठे शब्द मला येत नाहीत. लिहायची सवय मला शाळेनं लावलीच नाही. ती खाजेनं लावली.

रिसोडला एक डॉक्टर आहेत. त्यांनी सांगितलं, "रोज काय खाता, अंगाला काय लागतं, खाज कधी सुटते, सगळं वहीत लिहा. कारण सापडेल." मी दोनशे पानी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले. आता तिसरी वही चालू आहे. कारण काही सापडलं नाही. पण रकान्यांच्या बाजूला, कोण काय म्हणालं ते मी लिहीत गेलो आणि ते साठत गेलं. खाजवायचं एकट्यानंच असतं, पण त्यावर बोलायला मात्र अख्खं गाव येतं!

*

मी केनवडकडचा. रामभाऊंच्या थ्रेशरवर काम करतो. ट्रॅक्टर आणि मशीन रामभाऊंचं, विलास मशीनमध्ये माल टाकतो, सलीम पोती धरतो आणि मी कुटार ओढतो. कुटार म्हणजे मळणीतून उडणारा भुसा. सोयाबीनचं कुटार अंगावर पडलं की मोठमोठे पैलवान नाचतात. त्यामुळे सीझनमध्ये आम्ही चौघंही सकाळपासून खाजवत असतो. त्याचं कोणाला काही वाटत नाही.

पहिली दोन वर्षं मलाही तेच वाटत होतं, की कुटाराची खाज आहे.

मग एका दिवाळीत सीझन संपला. मशीन धुतलं, ताडपत्री टाकून शेडमध्ये लावलं. आम्ही आंघोळी केल्या आणि पारावर चहा घेत बसलो. रामभाऊ माझ्याकडे बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले,

"सुन्या, तू आता काहून खाजवून राह्यला बे? मशीन तर कव्हाची बंद झाली!"

*

माझ्या खाजेचा एक स्वभाव आहे. ती साक्षीदार ठेवत नाही. अंगावर बोट-बोट जाडीच्या लाल गांधी उठतात, मी वेडा होतो आणि दोन-तीन तासांत सगळं साफ. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे.

रिसोडला पहिल्यांदा गेलो तेव्हा घरून निघताना पाठभर गांधी होत्या. म्हटलं, आज डॉक्टरांना दाखवूच. एसटी उशिरा आली, दवाखान्यात माझ्यापुढं वीस माणसं. नंबर आला तेव्हा मी शर्ट काढून मोठ्या आत्मविश्वासानं पाठ फिरवली.

डॉक्टर म्हणाले, "छान आहे. पुढे?"

*

म्हणून सलीमनं आयडिया काढली. "भाई, गांधी उठल्याबरोबर फोटो मारायचा. पुरावा पाहिजे." दोन दिवसांनी शेतातच माझ्या दंडावर गांधी आल्या. सलीमनं एकदम जवळून फोटो काढला आणि डॉक्टरांच्या नंबरवर पाठवायच्या ऐवजी आमच्या मळणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला!

त्या ग्रुपवर केनवडपासून आसेगावपर्यंतचे शेतकरी आहेत. कोणाची मळणी कधी, ते ठरवायला रामभाऊंनी तो केला होता. पण लोक त्यावर दिवसभर रोग पडलेल्या पानांचे फोटो टाकतात आणि एकमेकांना विचारतात, "हे काय आहे?" माझा दंडही त्यातच गेला. उन्हात आणि धुरळ्यात काढलेला फोटो, दंड ओळखू येत नव्हता.

पाच मिनिटांत उत्तर आलं, "तांबेरा आहे. बुरशीनाशक मारा."

दुसरा म्हणाला, "आता मारून फायदा नाई. रोग लय पुढं गेला."

तिसऱ्यानं विचारलं, "वाण कोणतं आहे?"

विलासनं तिथल्या तिथं टाईप केलं, "गावरान."

नंतर सलीमनं माफी मागून खरं काय ते लिहिलं, माझ्या नावासकट! मी तीन दिवस मोबाईल बंद ठेवला.

*

आमच्याकडे ज्याची मळणी असते, त्याच्या घरून आम्हाला जेवण येतं. मोठी मळणी संपली की रोडगे आणि वांग्याची भाजी. डॉक्टरांनी माझं वांगं बंद केलं होतं. शेंगदाणे, दही, तुरीची डाळ, अंडी, सगळंच बंद. मी विचारलं, "मग खाऊ काय?" ते म्हणाले, "जे खाल, ते लिहा."

एका शेतात काकूंनी माझ्या ताटात भाजीचा डाव ओतला. मी खाली मान घालून म्हटलं, "काकू, मले वांगं चालत नाई."

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वांगं चालत नाई का आमचं घर चालत नाई?"

मला वाद घालता येत नाही. मी तीन वेळा भाजी घेतली. मरायची तयारी ठेवून झोपलो. सकाळी उठलो तर अंगावर एक गांध नाही!

खूश होऊन मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "वांगं चालतं." त्या दिवशी पथ्य म्हणून नुसती मुगाची खिचडी खाल्ली. दुपारी डोळ्यांच्या पापण्यासुद्धा सुजल्या.

*

पित्त उठलं की घोंगडी पांघरावी, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. मे महिन्यात माझी आई कुठूनशी एका मेंढपाळाची घोंगडी मागून घेऊन आली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी घोंगडीत! रामभाऊ बघायला आले. खाटेजवळ बसून म्हणाले, "दम धर. घाम निघाला का खाज निघते."

अर्ध्या तासानं मी घोंगडीसकट उडी मारून अंगणात आलो. घोंगडीत मेंढ्यांच्या पिसवा होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपाशी असाव्यात. मी अंगणात गोल फिरत दोन्ही हातांनी खाजवत होतो.

रामभाऊ शांतपणे आईला म्हणाले, "पाह्य वैनी, पयली खाज गेली का नाई?"

*

डॉक्टरांच्या गोळीनं मात्र खाज थांबायची. त्याबरोबर मीही थांबायचो. इतकी झोप! एकदा कुटाराच्या ढिगाला टेकलो आणि तिथंच झोपलो. वरून कुटार पडत राहिलं. मशीन बंद झाल्यावर तिघंही मला विहिरीत, नाल्यात शोधत फिरले. शेवटी ढिगातून हात बाहेर आला आणि खाजवायला लागला, तेव्हा सलीम ओरडला, "सापडला! जिंदा आहे!"

विलास म्हणतो की त्या दिवशी माझी खाज माझ्या कामी आली. रामभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी पुढचा महिनाभर मला मशीनजवळ उभं राहू दिलं नाही.

*

आतापर्यंत मी हसत सांगितलं. एक गोष्ट मला तेव्हा हसण्यावारी नेता आली नाही.

मागच्या वर्षी मानोऱ्याकडचं एक स्थळ आलं होतं. सगळं जमत आलं. मग कोणीतरी त्यांना सांगितलं, "पोराले अंगाचं काईतरी आहे." त्यांनी निरोप धाडला, "पोरीची तयारी नाई."

डॉक्टर सांगतात की हे लागत नाही, पसरत नाही. रक्ताच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. "काहींना होतं. कारण कळत नाही. जातं कधीतरी." पण हे घरोघर जाऊन कोणाला सांगणार? आईनं नियम केला, लग्न जमेपर्यंत फुल बाह्यांचा शर्ट, बटनं मनगटापर्यंत, आणि चारचौघांत खाजवायचं नाही. कितीही उन्हाळा असो. विलास मला "ओ मॅनेजरसाहेब" म्हणायला लागला.

मी आईला म्हटलं, "आपन आधीच सांगून देऊ ना. नंतर कळलं त तिले फसवल्यासारखं होईन."

आई म्हणाली, "पयले तिनं हो म्हनावं, मंग सांगू."

मला ते पटलं नाही. पण मी बटनं मनगटापर्यंत लावली, कारण मलाही लग्न करायचं होतं.

*

आणि आता आसेगावचं.

मला वडील नाहीत, म्हणून मोठं माणूस म्हणून रामभाऊ आले. आई, विलास आणि मी. रस्त्यात विलासनं प्लॅन सांगितला. खाज सुटली की मी कॉलरच्या बटनाला हात लावायचा. विलास खिशातल्या खिशात मला फोन करणार. मी "हॅलो, हॅलो" करत बाहेर जायचं आणि गोठ्यामागं मनसोक्त खाजवून यायचं.

मुलीच्या घरी आम्हाला ओसरीत बसवलं. पोहे आले. मुलगी आली, समोरच्या खुर्चीवर बसली. नाव, शिक्षण, सगळं विचारून झालं. मी तिच्याकडे एकदाच बघितलं, आणि त्याच वेळी डाव्या मनगटापासून वर काहीतरी चालायला लागलं.

मी बटनाला हात लावला. विलास पोहे खात होता.

परत लावला. विलासनं अजून पोहे मागितले.

तिसऱ्यांदा मी बटन असं ओढलं की धागा तुटायची वेळ आली. मुलीच्या काकांचं लक्ष गेलं. "जवाईबापू, गरम होऊन राह्यलं का? मोकळं बसा. बटनं उघडा, बाह्या वर करा. घरचेच आहो आपन."

आई घाईनं म्हणाली, "नाई नाई, त्याले अशीच सवय आहे."

खाज कोपरापर्यंत आली होती. मी हात मांडीखाली दाबून धरला. कपाळावरून घाम निघाला. विलासला तेव्हा आठवलं. त्यानं खिशात हात घातला, माझा फोन वाजेल म्हणून मी अर्धा उठलो, आणि रामभाऊंचा वाजला! ते खुर्चीत बसूनच मोठ्यानं म्हणाले, "काय बे विलास, समोर बसून फोन काहून लावून राह्यला?"

मी खाली बसलो.

तेवढ्यात मुलीचे वडील म्हणाले, "बाई, तुले पोराले काई इचारायचं असन त इचार. मंग म्हनशीन, इचारू नाई देलं."

ती माझ्या मांडीकडे बघत होती. म्हणाली, "खाजवा ना तुमी. मी कव्हाची पाहून राह्यली."

आईनं पदर तोंडाला लावला. रामभाऊ वर टिनाकडे बघायला लागले. मी आईकडे बघितलं, मग बटन काढलं, बाही कोपरापर्यंत वर केली आणि खाजवलं. चांगलं दोन मिनिटं. गांधी सगळ्यांना दिसत होत्या. मी म्हटलं, "हे मले चार वर्षांपासून आहे. लागत नाई. पन कायनं होते ते कोनालेच मालूम नाई."

मला एवढं बोलताना रामभाऊंनी कधी ऐकलं नव्हतं.

ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. आईनं पिशवी उचललीसुद्धा.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी केलेली काळी घोंगडी होती. तिनं ती माझ्या शेजारी ठेवली. मी घाबरून घोंगडीकडे बघत राहिलो. विलासला राहवलं नाही. "ताई, झटकून आनली ना?"

ती म्हणाली, "झटकली. ग्रुपवर तुमचा दंड पाह्यला होता मी. सकाळीच उनात टाकली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंकेतून हाफ बाह्यांचा शर्ट काढला, घातला आणि कामावर गेलो.